पाटाचे पाणी आणि हाडोळा : बारामती-इंदापूरच्या उद्योगाची दुसरी बाजू

बारामतीविषयी जे काही लेखन आजवर माझ्या वाचनात आले, त्याची सुरुवात बहुधा कवींपासून होते. श्रीधरस्वामींनी 'शिवलीलामृत' १७१८ साली इथे पुरे केले. पुढे मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याहून आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहिले आणि आयुष्यभर आर्या रचीत बसले. इंदापूरविषयी लिहिणारा मालोजीराजांपासून सुरुवात करतो. पुणे-सुप्याची जहागीर, इंदापूरची लढाई, शहाजीराजे. एवढे सांगून झाले की लेखक एकदम दीड-दोनशे वर्षांची उडी मारतो आणि साखर कारखान्याच्या धुराड्यापाशी येऊन उतरतो. मग ऊस, सहकार, दूध, औद्योगिक वसाहत, शिक्षणसंस्था. माळरानाचे नंदनवन झाले, असे म्हणून लेख संपतो.

या कथेतल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. माझी तक्रार तिच्यातल्या उडीविषयी आहे. कवी आणि कारखाना यांच्या मधल्या काळात जमीन मोजली गेली, दुष्काळ पडला, कालवा खणला गेला, मोट बंद पडली, गुऱ्हाळे उठली आणि बसली. या सगळ्या घडामोडीत गावकुसाबाहेरचा माणूस हजर होता. कुठे त्याचे हात होते, कुठे त्याची जमीन होती. तरीही उद्योग उभा राहिला तेव्हा मालकांच्या यादीत तो नव्हता. हे कसे घडले? केवळ स्पृश्यांच्या मनातल्या विटाळाने हे घडले असे म्हणून आपण गप्प बसू शकत नाही. विटाळ होताच. पण त्याच्या जोडीला कायदा होता, पाणीवाटपाचे नियम होते, कर्जाचे नियम होते आणि पुढे सहकाराचे पोटनियमही होते. या नियमांनी विटाळाचेच काम केले, तेही कुणाला शिवी न देता. बारामती-इंदापूरच्या उद्योगाचा इतिहास या अंगाने तपासावा, असा या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात इंदापूरपासून करावी लागते. महाराष्ट्रातला शेतकरी ज्या सातबाऱ्याला देव मानतो, त्याचे मूळ या तालुक्यात आहे. पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनची पाहणी करून निव्वळ उत्पन्नावर सारा बसवला. तो इतका जड निघाला की लोक जमिनी टाकून निघून गेले. इंदापूर तालुक्याची स्थिती फार वाईट झाली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांना फेरपाहणीचे काम मिळाले. १८३५-३६ साली त्यांनी इंदापूर तालुक्यात जी पद्धत घातली, तीच पुढे साऱ्या मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत झाली. नंबर पाडायचे, दगड रोवायचे, मगदुराप्रमाणे प्रत लावायची, तीस वर्षांसाठी आकार ठरवायचा. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, चाळीस गुंठ्यांचा एकर. ही आपल्या तोंडातली भाषा या मोजणीने पक्की केली.

मोजणीला गावात सरकारी माणूस आला की त्याच्या दिमतीला महाराने हजर राहायचे, ही रीतच होती. गावाची शीव कुठून कुठे जाते हे महाराला ठाऊक असायचे. शिवेचा तंटा पडला तर त्याचा शब्द प्रमाण धरत. म्हणजे ज्याला गावाची इंच न् इंच सीमा पाठ होती, त्याच्याच आधाराने इतरांच्या जमिनीला नंबर पडले. रयतेच्या नावापुढे जमीन लागली. ती तिला विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. महाराच्या वाट्याला मात्र वतन राहिले: हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि तिच्यावरची जुडी. वतन म्हणजे मालकी नव्हे. ते चाकरीचे मोल होते. तालुक्याला सरकारी पट्टी पोचवायची, टपाल न्यायचे, मेल्याची वर्दी परगावी द्यायची, अंमलदाराचे ओझे वाहायचे, चावडी झाडायची, रात्रीची वेस राखायची, आणि त्याबद्दल हा तुकडा कसायचा. १८७४ च्या वतन कायद्याने हे बंधन पक्के केले. वतनाची जमीन वतनदार कुळाबाहेर जाऊ शकत नव्हती.

वरवर पाहता हे संरक्षण वाटते. सावकाराच्या घशात जमीन जाणार नाही, असे कुणी म्हणेल. पण त्याच काळात त्याच टापूत काय चालले होते ते पाहा. आजच्या बारामती तालुक्यातले सुपे हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी बाजारच्या दिवशी तिथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या, दस्तऐवज हिसकावून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदले गेलेले बंड तिथून पेटले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कुणब्याचे दुःख खरे होते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते मांडले, आणि त्याच पुस्तकात पाटबंधारे खात्याच्या कारभारावरही कोरडे ओढले. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कुणब्याला सावकार लुटत होता, कारण कुणब्याजवळ गहाण टाकण्याजोगे काही होते. महाराला कर्ज देताना सावकार जमिनीकडे पाहत नसे. त्याच्या भांड्याकडे, त्याच्या पुढच्या वर्षीच्या मजुरीकडे आणि त्याच्या पोराकडे पाहत असे. पुढे ऊस आला तेव्हा या फरकाची किंमत कळली.

दंग्याच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, मोठा दुष्काळ पडला. माणसांना काम द्यायचे म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचे काम सुरू झाले. ते १८८० च्या दशकात पुरे झाले. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण, तिथून सोडलेले पाणी वीरच्या बंधाऱ्यापर्यंत नदीने यायचे आणि तिथून कालव्याने पुरंदर, बारामती करीत इंदापूरकडे जायचे. जवळजवळ शंभर मैलांचा हा पाट. १८७७ साली रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराचे दिवसाचे धान्य एका पौंडापर्यंत खाली आणण्याचा आग्रह धरला होता. दिवसभर माती उपसायची आणि अर्धा शेर धान्यही पदरात पडायचे नाही. अशा मजुरीवर त्या दिवसांत दख्खनमध्ये कामे झाली. कालव्याच्या भरावात कुणाचा घाम किती हे कोणत्याही बांधकाम नोंदीत सापडत नाही. पण दुष्काळात सगळ्यात आधी घर सोडून खडी फोडायला कोण जाते, हे ज्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला त्याला सांगावे लागत नाही.

पाट आला आणि बारामती तालुक्याचे दोन मुलूख झाले. पाटाखालचा बागाईत आणि पाटावरचा जिराईत. माळेगाव, पणदरे, सांगवी एकीकडे. सुपे, मोरगाव, उंडवडी दुसरीकडे. आजही निवडणुकीची भाषणे या रेषेवर होतात. परंतु पाटाने आणखी एक गोष्ट केली, तिची नोंद कुणी घेत नाही. पाटाने मोट घालवली.

मोट ही केवळ पाणी काढण्याची युक्ती नव्हती, ती एक उद्योगसाखळी होती. मेलेले जनावर ओढून कातडे सोलायचे काम महाराकडे, कातडे कमावायचे ढोराकडे, मोट आणि तिची सोंड शिवायची चांभाराकडे, नाडा व सोंदूर वळायचे मांगाकडे. एका विहिरीवर एक मोट चालली की चार घरांना बलुते लागू व्हायचे. मोट फाटली, नाडा तुटला, तर कुणबी रात्री मांगवाड्यात कंदील घेऊन यायचा, कारण सकाळी पीक वाळत होते. या कामाला अस्पृश्यतेचा शाप होता आणि ते तसेच चालावे असे कुणीही म्हणणार नाही. परंतु ते कसब होते आणि शेतीच्या उत्पादनात त्याला जागा होती. पाटाचे पाणी आपल्या वजनाने वाहते. त्याला नाडा लागत नाही, कातडे लागत नाही. पाटाखालच्या गावांत मोट आधी मागे पडली. इतरत्र पुढे तेलाच्या इंजिनांनी आणि विजेच्या पंपांनी तिचा निकाल लावला. हत्यार बदलले तेव्हा नवे हत्यार बनवण्याचे, दुरुस्त करण्याचे काम जुन्या कसबी माणसाकडे आले नाही. चांभार मोटेवरून वहाणेवर गेला, मांग नाड्यावरून केरसुणीवर आणि दाव्यावर गेला, आणि उरलेले सगळे मजुरीवर गेले. इंग्रजांच्या गिरण्यांनी ढाक्याच्या विणकराला देशोधडीला लावले हे आपण शाळेत मुलांना शिकवतो. नीरेच्या पाटावर मांगाचे काय झाले, हा धडा कुठल्या पुस्तकात आहे?

आता उसाकडे येऊ. पाटाचे पाणी सुरुवातीला फुकट गेल्यासारखेच होते; पाऊस बरा झाला की कुणी पाणी घेत नसे. मग सासवडचे माळी पाट धरून खाली आले, खंडाने जमिनी घेऊ लागले आणि त्यांनी उसाची शेती कसोशीने करून दाखवली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. गावागावांत ठरावीक क्षेत्र निवडायचे, त्याला कित्येक वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, आणि त्यात तिसऱ्या हिश्श्याइतकाच ऊस, बाकी इतर पिके. अभियंत्याच्या दृष्टीने ही फार शहाणपणाची योजना होती. पाणी वाया जाईना, जमीन बिघडू नये याचीही काळजी होती. पण ब्लॉक घ्यायला धनी लागतो. उसाला बेणे लागते, पेंड लागते, बारा ते अठरा महिने हातातून पैसा घालावा लागतो, तेव्हा कुठे गूळ निघतो. हा पैसा सावकार किंवा सोसायटी जमिनीच्या तारणावर देते. हाडोळा तारण ठेवता येत नाही. आणि हाडोळा एकट्याचा नसतो. साऱ्या महारवाड्याचा असतो.

माझ्या आज्याच्या गावी, या पाटाच्या काठी, आमचा हाडोळा होता. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर एक, क्षेत्र ४ एकर १२ गुंठे. आज त्याच्यावर ३७ नावे आहेत. भागाकार केला तर माणशी पावणेपाच गुंठेही येत नाहीत. आज्याच्या काळात नावे कमी होती, पण तेव्हाही प्रत्येकाला चाकरीची पाळी होती. ज्याची पाळी तो गावकीला जायचा, त्याचे शेत तसेच पडायचे. शेवटी सगळ्यांनी मिळून तो तुकडा गावातल्या एका बागाईतदाराला सालाच्या बोलीने दिला. त्याने तिथे ऊस लावला. आजा त्याच उसात पाणी धरायला मजूर म्हणून जाऊ लागला. आपल्या वतनात दुसऱ्याचा ऊस, आणि त्या उसाला पाणी देणारे हात आपले. आज्याने हे कधी दुःख म्हणून सांगितले नाही, हकीकत म्हणून सांगितले. मला ते दुःख म्हणून कळायला कॉलेजात जावे लागले.

त्याच गावच्या गुऱ्हाळावर आजा चुलवणापाशी जाळव्या होता. चिपाडे वाळवायची, काहिलीखाली जाळ घालायचा. जाळ कमी-जास्त झाला तर पाक बिघडतो, म्हणून जाळव्याला गुळव्याच्या इशाऱ्याकडे डोळा ठेवावा लागे. जाळ ओळखण्यात आज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असे म्हातारी माणसे सांगत. परंतु वर काहिलीला, रसाला, वाफ्यातल्या गुळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. त्याला रस द्यायचा तो वरून ओतायचा. जाळाला विटाळ नव्हता, पाकाला होता. १९१४ साली दौंड-बारामती ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि गुळाला लांबचा बाजार जवळ आला. गुळाच्या ढेपांनी बारामतीची पेठ भरली, अडते वाढले, वाडे उठले. त्या ढेपेखालचा जाळ कुणी घातला, याची नोंद अडत्याच्या वहीत असायचे कारण नव्हते.

पाटाने आणखी एक दान दिले : खारवट जमीन. पाणी अनिर्बंध दिले गेले, निचरा झाला नाही, आणि खालच्या अंगाच्या काळ्या जमिनींवर मीठ फुटू लागले. हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, म्हणजे पाट सुरू होऊन पुरती पंचवीस-तीस वर्षे होण्याआधीच दुखणे सरकारदरबारी पोचले होते. आमच्या हाडोळ्याचा ओढ्याकडचा भाग असाच चोपण झाला. ज्याने ऊस लावला होता त्याने तो सोडला आणि वरच्या अंगाला दुसरी जमीन धरली. चोपण झालेला भाग तेवढा आमच्याकडे परत आला.

१९३२ साली सरकारने साखरेला जकातीचे संरक्षण दिले आणि दख्खनच्या कालव्यांवर कारखाने उभे राहू लागले. इंदापूर तालुक्यात कळंबला वालचंद हिराचंद यांच्या मार्सलँड प्राइस कंपनीने शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेऊन ऊस लावला होता. तिथे १९३३-३४ च्या सुमारास साखर निघू लागली आणि त्या ठिकाणाचे वालचंदनगर झाले. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली, सिमेंट कारखान्यांची बनू लागली, अणुभट्ट्यांचे आणि अवकाशयानांच्या अग्निबाणांचे भागही बनले. नीरेच्या काठच्या एका खेड्यात हे घडले, ही साधी गोष्ट नव्हे.

या खाजगी कारखान्यांविषयी लिहिताना आपल्या चळवळीतली माणसे एकाच शब्दात निकाल देतात : भांडवलशाही. तो शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. माझा चुलता अशाच एका कारखान्यात बॉयलरवर खलाशी होता. आज्याने चुलवणात जाळ घातला, चुलत्याने भट्टीत भुस्सा घातला, काम एकच. पण चुलत्याला महिन्याच्या महिन्याला रोख पगार होता, तास ठरलेले होते, भोंगा झाला की पाळी संपत होती. त्याला कुणी 'जोहार घाल' म्हणत नव्हते. पिण्याच्या पाण्याची घागर सुरुवातीला वेगळी होती, ती पुढे युनियनच्या पोरांनी फोडली. कारखान्याच्या चाळीत त्याने बाबासाहेबांची तसबीर लावली. गावात ती लावायला आणखी पंधरा वर्षे गेली. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरच्या निबंधात सांगितले होते की शेतीवरचा फाजील भार उद्योगाकडे वळल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही. वतन बिलाच्या वेळी, १९२८ साली, ते मुंबई कायदेमंडळात ज्या गुलामगिरीविरुद्ध बोलत होते, तिच्यातून अंग काढून घेण्याची एक वाट धुराड्याखालून जात होती. ती वाट अरुंद होती. तिच्यावर मालकी नव्हती, केवळ मजुरी होती. तरी ती वाट होती.

स्वातंत्र्यानंतर मालकीची वाट उघडली, ती सहकाराची. १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगर, पाठोपाठ सोमेश्वर असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. खाजगी मालकाऐवजी उत्पादक शेतकरीच कारखान्याचा धनी, ही कल्पना मोठी होती. सरकारने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली. म्हणजे त्यात सगळ्या जनतेचा पैसा आला, आमचाही आला. पण सभासद कोण? ज्याच्याकडे जमीन, जमिनीला पाणी, पाण्यावर ऊस आणि भागाची रक्कम भरायला हातात पैसा. अट कुठेही जातीची नाही. पोटनियमांत जात हा शब्द शोधूनही सापडणार नाही. तरीही शतकभर आधी जमीन, तारण आणि पाणी यांची जी वाटणी झाली होती, ती या अटींतून जशीच्या तशी भागधारकांच्या रजिस्टरात उतरली. ऊस तोडणारा सभासद नाही, ओढणारा नाही, बॉयलरवरचा नाही.

याच सुमारास महार वतन गेले. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून लागू झाला. बाबासाहेब तो पाहायला नव्हते. चाकरी सुटली ही क्रांतीच होती. माझ्या वडिलांनी त्या दिवशी गावकीची काठी चुलीत घातली, असे आई सांगे. परंतु जमिनीचे काय झाले? ती आधी सरकारजमा झाली. मग आकाराच्या ठरावीक पटीत कब्जाहक्काची रक्कम भरली तर पूर्वीच्या वतनदाराला परत मिळायची, आणि तीही नव्या, अविभाज्य शर्तीवर. परवानगीशिवाय विकायची नाही, वाटून घ्यायची नाही. ज्यांना पैसे भरणे जमले नाही, ज्यांना मुदत कळली नाही, त्यांचे हक्क लोंबकळत राहिले. म्हणजे एकीकडे सहकाराचे दार उघडले, त्याच दशकात दुसरीकडे आमच्या जमिनीला नव्या शर्तीचे कुलूप लागले. दोन्ही कायदे पुरोगामी होते. दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर लिहिले गेले. त्यांची भेट झाली ती आमच्या सातबाऱ्यावर.

आणखी एक संधी या मातीत येऊन गेली. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी मागणी केली होती की शेती हा राज्याचा उद्योग असावा. जमीन राज्याची, आणि ती जातिभेद न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे भेदच उरणार नाहीत. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी साखर कारखान्यांकडची हजारो एकर सलग जमीन राज्याच्या हाती आली, आणि ती कसायला १९६३ साली राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, रत्नपुरी इथे त्याचे मळे झाले. राज्याची जमीन, पाण्याची हमी, तयार ऊस, शेजारी कारखाना. बाबासाहेबांचा आराखडा तपासून पाहायला याहून चांगली जागा कोणती? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले, ते याच काळात. पण महामंडळाने भूमिहीनाला कसणारा भागीदार केले नाही, रोजंदारीचा मजूर ठेवले. मळे पुढे तोट्यात गेले. ज्या शेतकऱ्यांनी पूर्वी कंपनीला जमिनी खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकऱ्यांनी दीर्घ लढा दिला आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर जमिनी परत मिळवल्या. त्यांचा हक्क मी नाकारीत नाही. पण त्याच मळ्यांवर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या राबल्या, त्या कामगारांना घराखालच्या दोन गुंठ्यांसाठी निवेदने देत हिंडावे लागले. खंडकऱ्याकडे कागद होता. मजुराकडे हजेरीपट होता. आपल्या देशात हजेरीपटाने जमीन मिळत नाही.

आणि आता मला स्वतःच्या समाजालाही एक प्रश्न विचारायचा आहे. दसऱ्यानंतर या टापूत बीड-नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून घेतलेली उचल; पाचटाच्या कोप्या; पहाटे फडात जायचे आणि रात्री गाडी भरायची. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, मोठ्या संख्येने महार-मांगही आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा आमच्या भागातही सभा झाल्या, ठराव झाले. पण आमच्याच वस्तीशेजारच्या माळावर ज्या कोप्या पडतात, तिथे आमच्यापैकी किती जण कधी गेले? आम्हाला नोकऱ्या लागल्या, आमची घरे पक्की झाली. आमच्या आज्याच्या जागी आता दुसरा कुणाचा तरी आजा जाळ घालतो आहे. त्याला ओळख देण्याचे आम्ही टाळतो.

बारामतीचे आजचे रूप मोठे आहे. औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे, दुधाची प्रक्रिया आहे, कापड उद्योगाचे संकुल आहे आणि तिथे खेड्यापाड्यांतल्या शेकडो मुली शिवणयंत्रावर काम करतात. आमची मुले आयटीआय करून तिथे जातात. कायम कामगार थोडे, ठेकेदाराकडचे फार. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर अनुसूचित जाती-जमातींसाठी कायद्याने एक जागा राखून ठेवली आहे. त्या जागेवर बसणारा माणूस आमचा असतो. त्याला बसवणारे मतदार रजिस्टर मात्र पूर्वीचेच असते. शहर वाढले तसा शर्तीच्या जमिनींना भाव आला. ज्या हाडोळ्यावर शंभर वर्षांत कर्ज मिळाले नाही, त्याच्यावर आता प्लॉट पडतात. कुलमुखत्यारपत्राच्या एका कागदावर ३७ जणांतल्या पाच-सहांचे अंगठे आणि जमीन गेली, असे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यात फसवणारे बाहेरचे असतात तसे घरातलेही असतात.

म्हणून शेवटी कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच आहे. आपण आपला इतिहास महाडपासून सुरू करतो, ते योग्यच आहे; तळ्याचे पाणी हा आपल्या माणूसपणाचा प्रश्न होता. परंतु पाटाचे पाणी हा आपल्या मालकीचा प्रश्न होता आणि तो अजून सुटलेला नाही. प्रत्येक गावात तलाठ्याच्या दप्तरात १९५९ नंतरचे फेरफार आहेत. कुणी रक्कम भरली, कुणाचे नाव लागले, कुणाचे गळले, हे तिथे लिहिलेले आहे. पाटबंधारे खात्याकडे ब्लॉकच्या याद्या आहेत. कारखान्यांकडे सभासदांची रजिस्टरे आहेत. यांतली सरकारी दप्तरातली कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागता येतात. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहा. एका तालुक्याचे जरी हे काम नीट झाले, तरी आरक्षण पुरे झाले का, या प्रश्नाला भाषणातून उत्तर देण्याची गरज उरणार नाही.

मी माझ्या गावापासून सुरुवात केली आहे. हाडोळ्याच्या ३७ नावांपैकी एकोणतीस माणसांचा पत्ता लागला आहे. त्यांतल्या सहा जणांना आपले नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे हेच माहीत नव्हते. उरलेल्या आठांचा शोध चालू आहे.